एकाच वेळी

खरं सांगू का, मला या विषाणूचं थोडं कौतुकच वाटतं. हे मी एकदा घरी जेवताना बोलून गेलेले, तर आईने भाताचा डाव तसाच हवेत धरला आणि म्हणाली, जगात कौतुक करायला दुसरं कोणी सापडलं नाही का तुला. बाबा म्हणाले, अगं तिचं काम आहे ते. तर आई म्हणे, काम आहे म्हणून काय लगेच जावई करायचाय का त्याला.

तर हा न झालेला जावई म्हणजे एचआयव्ही. आणि मी एका सरकारी केंद्रात काउन्सेलर आहे, जिथे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात. कल्याण साइडला आहे आमचं केंद्र, नाव नको लिहायला. पेशंटची नावंही बदललीत, आणि काही गोष्टी मुद्दाम इकडच्या तिकडे केल्यात. आमच्या विठ्ठलवाडीच्या दिवाळी अंकाचे संपादक जाधवकाका म्हणाले, तुझ्या कामावर लिही, पण रडकं नको. मी म्हटलं, काका, असले लेख लोक रिटायर झाल्यावर लिहितात, मी अजून तिशीची पण नाही. ते म्हणाले, तू रिटायर होईपर्यंत मी असेन का? बसले टाइप करायला.

काउन्सेलर म्हणजे काय, तर लोकांना वाटतं आम्ही डोक्यावरून हात फिरवतो. फिरवतो, नाही असं नाही. पण त्यातलं निम्मं काम म्हणजे मास्तरकी आहे. समोरच्याला त्याच्या अंगात काय चाललंय ते त्याच्या भाषेत सांगायचं, कारण न कळता माणूस फार दिवस गोळी खात नाही. तापाची गोळी ताप उतरला की बंद करतो ना आपण? इथे आयुष्यभर खायची आहे, तेही अंगात काही होत नसताना. मी मायक्रोबायोलॉजीत बीएस्सी केलेलं, मग एमएसडब्ल्यूकडे वळले, त्यामुळे विषाणू हा विषय निघाला की माझी गाडी सुसाट सुटते. आमच्या सीनियर पवार सिस्टर म्हणतात, हिला थांबवा कोणीतरी, बाहेर लाइन लागलीये.

तर ऐका, बाहेर लाइन नाहीये आत्ता.

हा विषाणू आपल्या पेशीत शिरतो आणि स्वतःच्या कॉप्या काढायला बसतो. आता कॉपी काढायची पद्धत कशी, तर मी व्हॉट्सॅपवर टाइप करते तशी. धडाधड, मागे वळून न बघता, चूक सुधारायचं नावच नाही. आपली पेशी स्वतःची कॉपी काढते तेव्हा वाचून बघते, खोडते, परत लिहिते. याला ती सवयच नाही. त्यामुळे कॉप्यांमध्ये सारख्या चुका होत राहतात. त्यातल्या बऱ्याचशा कॉप्या त्या चुकांमुळेच मरतात, भंगारात. पण एखादी चूक अशी पडते की त्याचा चेहरा थोडा बदलतो, आणि तो तरीही जगतो.

इकडे आपलं शरीर काय करत असतं? ते त्याला ओळखून त्याच्याविरुद्ध हत्यारं बनवतं, अँटिबॉडी. आणि चांगली बनवतं हां, शरीराला कमी लेखू नका. फक्त त्याला वेळ लागतो. आणि तेवढ्यात तो चेहरा बदललेला पुढे निघालेला असतो. पेशंटच्या आजच्या रक्तातल्या अँटिबॉडी त्याच्या काही महिन्यांपूर्वीच्या विषाणूला छान पकडतात आणि आजच्याला सोडतात. डोंबिवलीत क्लासेसला गेलेल्या सगळ्यांना हे लगेच कळतं. शरीर बिचारं मागच्या वर्षीचा पेपर तोंडपाठ करून या वर्षीच्या परीक्षेला बसतं.

बरं, त्याच्या अंगावर साखरेच्या रेणूंचं जाडजूड कव्हर असतं. ती साखर कोणाची, तर आपलीच, आपल्याच पेशीतून उचललेली. त्यामुळे वरवर बघणाऱ्याला वाटतं घरचाच आहे. आपली पेशी आत काही गडबड असली की त्याचे तुकडे दारावर टांगते, म्हणजे मारेकरी पेशींना कळावं. हा ते टांगणंच कमी करून टाकतो. आणि कहर म्हणजे घर कोणाचं धरतो, तर जी पेशी बाकी सगळ्यांना ऑर्डरी देते तिचंच. म्हणजे चोर थेट पोलीस स्टेशनात राहायला गेला.

हे सगळं मी एकदा आमच्या शिंदेकाकांना सांगितलं. शिंदेकाका कल्याण स्टेशनबाहेर रिक्षा चालवतात. खाकी शर्टाची वरची दोन बटणं उघडी, तोंडात बडीशेप. शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "म्हणजे प्रत्येक फेरीला नंबर प्लेट बदलतो. आणि आरटीओच्या कंपाउंडमध्येच गाडी लावतो."

मी पाच वर्षं कॉलेजात घालवली तरी मला एवढं नेमकं सुचलं नव्हतं. तेव्हापासून हे वाक्य मी सगळ्यांना सांगते. शिंदेकाकांना ते कळल्यावर ते म्हणाले, मग मला रॉयल्टी द्या, नाहीतर लाइन न लावता गोळ्या द्या. दोन्ही नाही दिलं.

हेच शिंदेकाका एकदा पेढे घेऊन आले. व्हायरल लोड म्हणून एक तपासणी असते, रक्तात विषाणू किती आहेत ते मोजायची. त्यांच्या रिपोर्टमध्ये आलं होतं की सापडत नाही. काकांनी अर्थ काढला की गेला. गोळ्या बंद, पेढे चालू. मी पेढा हातात घेऊन त्यांना सांगत बसले की काका, सापडत नाही आणि नाही यात फरक आहे. काही पेशींमध्ये तो झोपून असतो. ना कॉपी काढत, ना हालचाल करत, त्यामुळे गोळीलाही दिसत नाही आणि शरीरालाही नाही. गोळी बंद झाली की उठतो. काकांना पटेना. दिसत नाही म्हणजे नाही, असा त्यांचा हिशोब. शेवटी पवार सिस्टर आतून म्हणाल्या, ट्रॅफिक हवालदार दिसत नाही म्हणून तुम्ही सिग्नल तोडता तसंच ना हे? काका हसले आणि गोळ्या घेऊन गेले. पेढे मात्र आम्ही ठेवून घेतले. सापडत नाही हा निकाल चांगलाच आहे, पेढ्यांच्या लायकीचा आहे. असा निकाल टिकला तर जोडीदारालाही संसर्ग जात नाही, बाळाला जायची भीती अगदी थोडी उरते. फक्त त्यासाठी गोळी चालू लागते.

सगळे शिंदेकाकांसारखे ऐकत नाहीत. काही येतच नाहीत परत, फोन बंद, पत्ता खोटा. त्यांच्याबद्दल मी लिहिणार नाही, जाधवकाकांना रडकं नकोय. पण एवढं म्हणते की त्यांचे चेहरे विसरता येत नाहीत.

आता कविता आणि हरेश.

हे दोघं ठाण्यातल्या बाळकुमचे. तिथे खाडीला लागून जुनी कोळी वस्ती आहे, आता चहूकडून टॉवर उभे राहिलेत, मधे हे. हरेशच्या वडिलांची होडी होती. हरेश त्या टॉवरांना पाणी देणारा टँकर चालवतो, सुट्टीच्या दिवशी खाडीत जातो. कविता ठाण्याच्या बाजारात मासे विकते. ठाण्यात केंद्र असताना कल्याणला का येता, असं मी विचारायच्या आधीच हरेशने सांगितलेलं, तिकडं सगले सोयरे फिरतात मॅडम. हे आमच्याकडे नेहमीचं आहे. ठाण्याचे लोक कल्याणला येतात, कल्याणचे ठाण्याला जातात, सगळे एकमेकांना चुकवत एकमेकांच्या गावात.

दोघांना संसर्ग होता, दोघांच्या गोळ्या नीट चालू होत्या, दोघांचे रिपोर्ट चांगले. मग कविताला दिवस गेले. काय आनंद झालेला मला. तिला म्हटलं, काही काळजी करू नकोस, तुझा रिपोर्ट असाच राहिला तर बाळ ठणठणीत होणार. हरेशच्या आईला संसर्गाचं काही माहीत नव्हतं. तिला सांगितलेलं की रक्त कमी आहे म्हणून कल्याणच्या डॉक्टरकडे जातो.

पाचव्या महिन्यात व्हायरल लोड केला आणि रिपोर्ट बिघडलेला. विषाणू सापडत होते. फार नाही, पण होते.

आता हे का भयंकर ते सांगते. एका गोळीत तीन औषधं असतात. तिन्ही पूर्ण ताकदीने रक्तात असतील तर विषाणूला तिन्हींपासून वाचवणाऱ्या चुका एकदम पडायला लागतील, ते जमत नाही. पण औषध कमी पडलं तर? मग तो मरत नाही, नुसता रगडला जातो, आणि रगडला जात असतानाच कॉप्या काढत राहतो. त्यातली एखादी औषधाला न जुमानणारी निघते आणि तिचीच पोरं पुढे वाढतात. शरीराला जसा चकवला तसाच औषधाला चकवतो, युक्ती तीच. क्लासच्या भाषेत सांगायचं तर अर्धवट औषध म्हणजे त्याच्या फुकटात घेतलेल्या सराव परीक्षा. आणि इथे तो सराव करत होता ते कविताच्या पोटात बाळ असताना.

डॉक्टर म्हणाले, गोळ्या चुकत असणार. बहुतेक वेळा तेच असतं. उरलेल्या गोळ्या मोजल्या, बरोबर. फोनमधला अलार्म बघितला, बरोबर. मी चार प्रकारे विचारलं. गावाला गेलेलात का, उलटी होते का, सासूसमोर घ्यायला अडचण होते का, कंटाळा येतो का. कविता मान हलवत राहिली आणि मग तिचे डोळे भरले. हरेश टेबलावर हात ठेवून उभाच राहिला.

"मॅडम, आमी खोटं बोलताव काय? सांगा ना तसं. टँकर रस्त्यात उभा करून हिला फोन लावतो मी, गोली घे म्हनून."

मी म्हटलं तसं नाही हो हरेशभाऊ. पण खरं तर बाकी सगळे तसंच धरून चाललेले. बाहेर आल्यावर कोणीतरी म्हणालंच, सगळेच असं सांगतात.

पवार सिस्टर तेवढ्या बोलल्या नाहीत काही. त्यांच्या हाताखाली मी एक गोष्ट शिकलेले. पेशंटला 'घेता का' असं विचारायचंच नाही, कारण त्याचं उत्तर हो असतं. 'कसं घेता, करून दाखवा' म्हणायचं. मग मला कोपराने ढोसून म्हणाल्या, बोलत काय बसलीस, करायला लाव की.

कविताला म्हटलं, समज आत्ता रात्र आहे, अलार्म वाजला. काय करतेस ते इथेच करून दाखव.

तिला लाज वाटली. पदर तोंडाशी धरून हसली, त्या दिवसात पहिल्यांदा. मग पर्स उघडली. एक प्लास्टिकची डबी काढली आणि तळहातावर एकेक गोळी ठेवत गेली. आमची गोळी. मग लोहाची लाल गोळी. मग कॅल्शियमची, ती पांढरी जाडजूड. हरेशने तिच्या पर्समधून ॲसिडिटीच्या गुलाबी औषधाची बाटली काढली, झाकणात ओतल्याची ॲक्शन केली आणि तिच्यापुढे धरलं. कविताने सगळा तळहात तोंडाकडे नेला आणि वरून ते झाकण प्यायल्यासारखं केलं.

"अशा. सगल्या एकाच टायमाला." ती म्हणाली.

"जेवायच्या आधी," हरेश म्हणाला. "जेवल्यावर हिला गोल्या उलटतात. गुलाबी औशदाबरोबर बसतात पोटात."

मी विचारलं, सगळ्या एकदम का पण?

हरेशने माझ्या डोक्याच्या वर बघितलं. "तुमीच लिवलंय ना."

मी मागे वळले. माझ्या खुर्चीमागे भिंतीवर पेंटरकडून रंगवून घेतलेला बोर्ड आहे, मी जॉइन व्हायच्या आधीपासून. निळ्या अक्षरांत. 'गोळ्या रोज एकाच वेळी घ्या.'

बघा ना. आम्हाला म्हणायचं होतं, रोज ठरलेल्या वेळेला घ्या, आज आठ तर उद्याही आठ. त्यांनी वाचलं, सगळ्या गोळ्या एकाच वेळी, एकदम, एका घोटात. आणि मराठीत दोन्ही बरोबर आहे. आधी त्यांची एकच गोळी होती, तेव्हा दोन्ही अर्थ एकच होते, काही बिघडलं नाही. पोट वाढलं तशा दुसऱ्या बिल्डिंगमधल्या गरोदर बायकांच्या ओपीडीतून लोहाच्या आणि कॅल्शियमच्या गोळ्या सुरू झाल्या, गुलाबी बाटली नाक्यावरच्या मेडिकलमधून आली, आणि या दोघांनी त्या सगळ्या इमानेइतबारे बोर्डाच्या हुकमाने एकत्र केल्या. दुसरं कोणी असतं तर एखाद्या दिवशी विसरलं असतं, एखादी मागेपुढे घेतली असती. हे दोघं इतके शिस्तीचे की एकही दिवस चुकवला नाही.

आमच्या गोळीतलं मुख्य औषध रिकाम्या पोटी लोह, कॅल्शियम आणि ॲसिडिटीच्या औषधाला भेटलं की त्यांना चिकटून बसतं. लग्नाला निघालेला माणूस नाक्यावर मित्र भेटले म्हणून तिथेच चहा पीत बसतो, तसं. लग्नघरी, म्हणजे रक्तात, पोचतं ते थोडंच. कविता रोज गोळी खात होती आणि तिच्या विषाणूला रोज अर्धवट औषध मिळत होतं.

हे त्या दोघांना सांगितलं. पवार सिस्टरनी ड्रॉवरमधून मार्कर काढला, माझ्या खुर्चीवर चढल्या, 'एकाच' वर काट मारली आणि वर लिहिलं 'ठरलेल्या'. पेंटरच्या सुंदर अक्षरांची वाट लागली. अजून तसाच आहे बोर्ड.

मग डॉक्टरांशी बोलून वेळा वाटून दिल्या. लोह सकाळी, कॅल्शियम दुपारी, आमची गोळी रात्री जेवणासोबत, उलटलं तर लगेच फोन. ॲसिडिटीचं औषध बंद आणि त्यासाठी जेवण थोडं थोडं करून. हरेशने तिथेच बसून फोनमध्ये तीन अलार्म लावले, तिन्हींना वेगवेगळी गाणी. जाताना दारात थांबला. हळू आवाजात विचारलं,

"मॅडम, तो शिकला असंल का पन, एवढ्या दिवसांत?"

मीच त्याला सराव परीक्षेचं सांगितलेलं, त्यामुळे प्रश्न अगदी योग्य होता. आणि मला उत्तर माहीत नव्हतं. शिकला नसेल, असं म्हणावंसं खूप वाटलं. पण मी म्हटलं, माहीत नाही हरेशभाऊ, पुढचा रिपोर्ट सांगेल. तो म्हणाला, बरं. आणि गेला.

पुढचा रिपोर्ट येईपर्यंत मी घरी इतकी चिडचिड करत होते की आईने विचारलं, ऑफिसात काही झालंय का. काय सांगणार. तो विषाणू काही विचार करून शिकत नाही, त्याला कविता माहीत नाही, बाळ माहीत नाही, त्याच्या फक्त चुका होत राहतात आणि एखादी लागते. लॉटरीच ती. मला एवढंच हवं होतं की त्याला या खेपेला ती लागू नये.

नव्हती लागली. रिपोर्ट आला, सापडत नाही. कविता म्हणाली, मंग पेढे? मी म्हटलं थांब, बाळ येऊ दे.

मुलगी झाली. जन्मल्यापासून काही आठवडे तिला औषधाचं सिरप. सहा आठवड्यांची झाल्यावर टाचेतून रक्ताचे थेंब घेतले, निगेटिव्ह. नंतरचीही निगेटिव्ह. पण शेवटची तपासणी दीड वर्षाची झाल्यावर, कारण आईच्या अँटिबॉडी बाळाच्या अंगात उतरतात आणि कितीतरी महिने राहतात. साधी तपासणी त्यांनाच बघून पॉझिटिव्ह दाखवते. त्या विरून जायची वाट बघायला लागते. मला यात सॉलिड काहीतरी वाटतं. कविताच्या अंगाने ज्या अँटिबॉडी बनवल्या त्या कायम मागच्या पेपरच्या, तिच्या स्वतःच्या कामाच्या नाहीत. तरी तिने जे होतं ते पोरीला दिलं. आणि ते सगळं पोरीच्या अंगातून निघून गेलं की मगच कळणार होतं, पोरगी मोकळी आहे की नाही.

त्या शेवटच्या तपासणीच्या दिवशी पोरीने टेक्निशियनच्या बोटाला चावा घेतला. मी तिला एक चकचकीत स्टिकर दिलं, ते तिने माझ्याच गालावर लावलं. निगेटिव्ह. मी सांगितलं तर हरेश म्हणाला, "मंग हिला परत आनायचं नाय इकडं?"

नाही म्हटलं. कधीच नाही.

त्याने पोरीला उचलून घेतलं आणि बाहेर जाऊन पायऱ्यांवर बसला, बराच वेळ. कविता आत माझ्याशी उगाच लोहाच्या गोळ्यांबद्दल बोलत बसली, त्याला तेवढा वेळ मिळावा म्हणून.

आमच्या कामात एक नियम आहे. पेशंट बाहेर दिसला तर ओळख दाखवायची नाही. त्याने दाखवली तर ठीक, आपण नाही. परवा आईबरोबर ठाण्याला मावशीकडे गेलेले, येताना आई बाजारात घुसली. कविता समोरच बसलेली, पुढ्यात कोलंबी आणि खाडीतले निवट्या मासे, शेजारी पोरगी उलट्या टोपलीवर. मी नजर वळवली. कविताने पण. आईलाच नेमकी तिची कोलंबी आवडली. मग रीतसर घासाघीस, आई म्हणे एवढी बारीक कोलंबी आणि हा भाव, कविता म्हणे मावशी, खाडीची हाय, पावडर लावलेली नाय. मी बाजूच्या भिंतीवरचं पोस्टर वाचत उभी.

तेवढ्यात पोरगी उठली, दोन पावलं टाकत माझ्याकडे आली, माझ्या ड्रेसला धरलं आणि वर बघून हसली. खालचे चार आणि वरचे चार दात. मग आपला गाल माझ्यापुढे केला, स्टिकर लाव म्हणून.

आई म्हणाली, "अगं, ही तुला ओळखते वाटतं."

कविताने मान खाली घातली होती, कोलंबी पिशवीत भरत होती. भरून झाली तरी वरून अजून एक मूठ टाकली.

"सगल्यांनाच हसते ती, मावशी," ती म्हणाली.